पोरांना कोंबडा रंगवायला देताय? शेपटीकडून सुरुवात करा

सुट्टीच्या दिवशी सोसायटीतली सात-आठ पोरं जमवून मी कोंबडा-कोंबडी रंगवून घेते, चार वर्षांपासून नऊ वर्षांपर्यंतची सगळी एकत्र बसतात. सुरुवातीला मी पण छापील चित्रं द्यायचे, मग सगळ्यांच्या कोंबड्या सारख्याच, पिवळ्या अंगाच्या आणि लाल तुऱ्याच्या. आता आधी बघायला लावते आणि मगच रंग हातात देते.

आपल्या पुण्यातल्या फ्लॅटमधल्या पोरांनी कोंबडी बघितलेली असते ती चिकनच्या दुकानाबाहेर पिंजऱ्यातली पांढरी. त्यामुळे जमलं तर एखाद्या रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याच्या एखाद्या गावात घेऊन जा, तिथे गावरान कोंबड्या अंगणात फिरत असतात, पंधरा मिनिटं लांबून नुसतं बघू द्या. नाहीच जमलं तर मोबाईलवर मोठा करून फोटो दाखवा, पण कार्टून नको. विचारायचं काय तर कोंबडा कोणता आणि कशावरून? तुरा मोठा असतो हे सगळे सांगतात. मग मानेची पिसं दाखवा, कोंबड्याची लांब आणि टोकदार, कोंबडीची टोकाला गोल. शेपटीत कोंबड्याची लांब पिसं विळ्यासारखी वळलेली असतात, आणि पायाला मागच्या बाजूला काटा. बोटं मोजायला लावा, बहुतेक जातींत तीन पुढे एक मागे.

सामान फार लागत नाही. ऑइल पेस्टल, जाड ड्रॉइंग पेपर आणि टूथपिक, सगळं अप्पा बळवंत चौकात किंवा कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळतं. कागद मात्र जाडच घ्या, पुढे खरवडायचंय, पातळ कागद फाटतो आणि पोरं हिरमुसतात.

आता रंगवायचं. पेन्सिलने फिकट आकार काढला की पिसं शेपटीकडून मानेकडे भरत यायचं. कारण पिसं कौलांसारखी एकावर एक असतात, वरच्या ओळीची टोकं खालच्या ओळीवर येतात. मानेकडून सुरू केलं की सगळं उलटं दिसतं, पोरांना कळत नाही काय चुकलं पण काहीतरी चुकलंय हे मात्र त्यांना बरोबर कळतं. गावरान कोंबडीला आधी पिवळा, त्यावर नारिंगी, त्यावर थोडा तपकिरी, आणि बोटाने पिसाच्याच दिशेने पुसायचं.

कोंबड्याची शेपटी हा माझा सगळ्यात आवडता भाग. ती नुसती काळी नसते, उन्हात हिरवी-निळी चमकते. म्हणून आधी हिरवा आणि निळा दाबून भरायचा, वर काळ्याचा पूर्ण थर द्यायचा, मग टूथपिकने हलक्या हाताने रेघा ओढायच्या. काळ्यातून हिरवी रेघ निघते ना तेव्हा पोरं अक्षरशः ओरडतात. याच पद्धतीने कडकनाथ, म्हणजे काळ्या कोंबड्यांची जात, पण छान होतो. तो मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याच्या मांसाला जीआय टॅग (त्या भागाची खासियत म्हणून सरकारी ओळख) मिळाला, त्याची चोच, पाय आणि मांससुद्धा काळसर असतं. तुरा बाकीच्यांसारखा लालभडक नसतो हे सांगितलं तरी एक पोरगी लालच करत होती, मग फोटो दाखवल्यावर जांभळा-काळा मिसळून इतका सुंदर केला तिने!

तुरा रंगवताना एकाने विचारलं, काकू हा लालच का? खाली रक्ताच्या बारीक नळ्या असतात म्हणून. आणि कोंबडीला आपल्यासारखा घाम येत नाही, तुऱ्यातून आणि गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल कातडीतून उष्णता बाहेर जाते. असे प्रश्न आले की रंग खाली ठेवून बोला, घाई नको.

अगदी लहान पोरांना पोस्टर कलरच्या पिवळ्यात अंगठा बुडवून ठसे द्यायला सांगा, प्रत्येक ठशाला स्केच पेनने डोळा, चोच, पाय काढला की पिल्लू तयार. एका पानावर २१ ठसे घ्या, खुडूक कोंबडी अंड्यावर साधारण २१ दिवस बसते म्हणून, मोजणी पण होते.

एक मात्र कळकळीने सांगते, बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली जिवंत पिल्लं मिळतात, पोरांनी कितीही हट्ट केला तरी घेऊ नका. रंग देताना आणि नंतर हाताळताना त्या जिवाचे फार हाल होतात.

हाताला लागलेलं पेस्टल नुसत्या पाण्याने जात नाही, आधी खोबरेल चोळा, मग साबण. फरशीलाही तेच.