सर्जिकल आयसीयूत अँटिबायोटिक लिहिताना या चुका टाळा

ऑपरेशन आटोपून पेशंट आयसीयूत येतो तेव्हा एखादं अँटिबायोटिक चालूच असतं. ते प्रतिबंधासाठी आहे की उपचारासाठी, हे केसपेपरवर बरेचदा लिहिलेलंच नसतं. मग ते बंद करायचं धाडस कुणी करत नाही.

प्रतिबंधाचा डोस लांबवणे. सेफाझोलिन हे प्रतिबंधाचं अँटिबायोटिक २ ग्रॅम (वजन १२० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर ३ ग्रॅम) चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत द्यायचं. पहिल्या डोसनंतर ४ तास उलटूनही ऑपरेशन चालू असेल किंवा १,५०० मिलीहून जास्त रक्त गेलं असेल तर पुन्हा एक डोस. जखम शिवली की त्याचं काम संपलं. ‘ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी) आहे तोवर चालू राहू दे’ याला आधार नाही. त्याने जखमेचा संसर्ग कमी होत नाही. किडनीला इजा आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचे जुलाब यांचा धोका मात्र वाढतो.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या ४८ तासांतल्या तापावर मेरोपेनेम (अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारं जबर अँटिबायोटिक) देणे. हा ताप बहुधा ऑपरेशनच्या इजेमुळेच येतो. पण ड्रेसिंग उघडून बघाच. स्ट्रेप्टोकॉकस किंवा क्लॉस्ट्रिडियमचा जखमेतला संसर्ग इतक्या लवकरही जीव घेऊ शकतो. कातडी काळवंडतेय, वेदना जखमेच्या मानाने फारच जास्त आहेत, रक्तदाब घसरतोय, असं दिसलं तर सर्जनला त्याच क्षणी बोलवा.

पू आत ठेवून औषधं बदलत बसणे. आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ताप हटत नाही म्हणून पिपरासिलिन-टाझोबॅक्टम काढून मेरोपेनेम, मग कोलिस्टिन अशी एकाहून एक जबर अँटिबायोटिक्स, आणि तोवर आतड्याची जोडणी गळतच असते. गळूच्या आत औषध पुरेसं पोचत नाही, आणि तिथल्या आम्लतेत अमायनोग्लायकोसाइड गटातली अँटिबायोटिक्स तर जवळपास निकामी होतात. औषध बदलण्याआधी पोटाचा सीटी करा आणि पू बाहेर काढा. तो नीट निघाला असेल तर सहसा ४ दिवस पुरतात: २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॉप-इट चाचणीत, ५१८ पेशंटमध्ये, सुमारे ४ आणि सुमारे ८ दिवसांच्या उपचारांचे निकाल सारखेच आले.

चुकीच्या जागचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी). जुन्या ड्रेनच्या पिशवीतले जंतू पिशवीचेच असू शकतात. कफात कँडिडा ही बुरशी दिसली म्हणून फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू करू नका. रक्ताच्या कल्चरचे दोन संच वेगवेगळ्या ठिकाणी टोचून घ्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं) असेल तर नमुन्यांसाठी खोळंबू नका. पहिला डोस तासाभरात गेलाच पाहिजे.

क्रिॲटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून पहिलाच डोस अर्धा करणे. पहिला डोस किडनीवर ठरत नाही, औषध शरीरात किती पसरणार यावर ठरतो, आणि भरपूर सलाइन गेलेल्या पेशंटमध्ये ते जास्तच पसरतं. म्हणून तो पूर्ण द्या. पिपरासिलिन-टाझोबॅक्टम ४.५ ग्रॅम ३० मिनिटांत, पुढचे डोस ४ तासांच्या संथ इन्फ्युजनने. किडनीचा हिशेब नंतरच्या डोसांत.

मेरोपेनेमसोबत मेट्रोनिडाझोल सहसा नको, ॲनेरोब्ज (ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू) एकट्या मेरोपेनेमनेच झाकले जातात.

प्रोकॅल्सिटोनिनवरून (संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन) औषध सुरू करणे. मोठ्या ऑपरेशननंतर ते संसर्गाशिवायही चढतं. त्याचा खरा उपयोग औषध थांबवताना होतो: पेशंट सुधारतोय आणि पातळी सर्वोच्च आकड्यापेक्षा ८० टक्क्यांनी उतरली किंवा ०.५ नॅनोग्रॅम/मिलीच्या खाली गेली, की औषध बंद करण्याचा निर्णय त्याच राउंडला घ्या.