जुन्या चेनसॉ जमवताना आणि दुरुस्त करताना या चुका टाळा

जुन्या चेनसॉ (इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवती) दुरुस्त करण्याच्या छंदातील बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: यंत्र का बंद पडले हे कळण्याआधीच ते सुरू करण्याची घाई. स्टार्टरची दोरी ओढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चांगले लागते, एवढ्यावर यंत्र विकत घेऊ नये, कारण ओरखडलेला पिस्टनही हाताला बराच दाब दाखवू शकतो. सायलेन्सर काढून आत उजेड टाकावा. केवळ सायलेन्सरच्या बाजूला ओरखडे असतील, तर इंजिन अतितापल्याची किंवा त्याला इंधन कमी मिळाल्याची शक्यता असते. पिस्टन सर्व बाजूंनी खरवडला असेल, तर टाकीत ऑइल न मिसळलेले पेट्रोल गेल्याचा संशय घ्यावा.

कारण न शोधता नवा पिस्टन आणि सिलिंडर बसवणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण क्रँकशाफ्टचे झिजलेले ऑइल सील किंवा कार्बोरेटरमागची तडकलेली रबरी नळी हवा ओढत राहिली, तर नवा पिस्टनही त्याच मार्गाने जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही वेग लवकर उतरत नसेल, तर आधी हवेची गळती तपासावी. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंधन वाढवल्याने लक्षण झाकले जाते, दोष तसाच राहतो. सिलिंडरची तोंडे बंद करून सुमारे ०.५ बार दाब द्यावा आणि नंतर तेवढीच निर्वात चाचणीही घ्यावी, कारण काही सील दाब धरतात, पण आत ओढताना हवा सोडतात.

सिलिंडरच्या आतील ओरखडे पाहून दगडाने होनिंग करण्याचा, म्हणजे आतला पृष्ठभाग घासून काढण्याचा, मोहही टाळावा. बहुतेक सिलिंडरांच्या आत क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, कठीण थर असतो आणि तो गेला की सिलिंडर वाया जातो. पुष्कळदा जे ओरखडे वाटतात ते पिस्टनचे चिकटलेले ॲल्युमिनियम असते, जे बारीक पॉलिश पेपरने संयमाने निघते. काहीजण त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते मॅग्नेशियमच्या क्रँककेसला झपाट्याने खाते, म्हणून सिलिंडर वेगळा काढल्याशिवाय आम्लाला हातही लावू नये.

क्लचला बहुधा डावे आटे असतात, त्यामुळे तो घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. त्या वेळी पिस्टन अडवण्यासाठी सिलिंडरमध्ये धातूऐवजी दोरी घालावी. पिस्टनपिनच्या जुन्या क्लिपा पुन्हा बसवू नयेत. ५०:१ मिश्रणासाठी एका लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल लागते, आणि हे मोजूनच घालावे.

संग्रह वाढवताना दिसेल ते मॉडेल उचलण्यापेक्षा एकाच मालिकेतील यंत्रे घ्यावीत. उदाहरणार्थ, स्टिल (Stihl) कंपनीची ०४४ आणि ०४६ ही मॉडेल्स एकाच मालिकेतील असल्याने त्यांचे बरेच भाग एकमेकींना चालतात, आणि तिसरे मोडके यंत्र सुट्या भागांचे भांडार ठरते.

दुरुस्त झालेल्या यंत्राची चेन आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबताही, फिरत असेल, तर काम अपुरे आहे. जुन्या काळच्या अनेक करवतींत चेनब्रेकच (चेन झटकन थांबवणारा ब्रेक) नसतो; अशी करवत संग्रहात जपून ठेवावी, पण लाकूड कापण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.