डेटा मेल केला म्हणजे पोचला असं नाही! या चुका टाळा

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना झाली की नवी मुंबईतल्या ऐरोली, वाशी, नेरूळच्या पक्षी मोजणाऱ्या मंडळींच्या एक्सेल शीट आमच्याकडे यायला लागतात, आणि नंतर हमखास कोणाचा तरी फोन, "अहो, मी तर कधीच पाठवलंय!" पाठवलं असेल हो, पण सेंटमध्ये दिसतंय म्हणजे तुमच्याकडून निघालं, एवढंच.

आधी इनबॉक्स आणि स्पॅम दोन्ही बघा, 'मेलर-डीमन'कडून काही आलंय का. लोक ते फालतू समजून उडवतात. पत्ता चुकलाय किंवा समोरचा मेलबॉक्स फुल आहे हे तोच सांगतो, आणि कधीकधी दोन-तीन दिवसांनी सांगतो, कारण सर्व्हर तोवर परत परत ट्राय करत असतो.

साइजचं पण बघा. जीमेलची लिमिट २५ एमबी, पण अटॅचमेंट मेलमध्ये जाताना साधारण एक तृतीयांश फुगते, त्यामुळे २० एमबीची फाइलसुद्धा समोरच्या सर्व्हरवर अडकू शकते. मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक जाते आणि परमिशन द्यायची राहते, मग समोरचा 'रिक्वेस्ट ॲक्सेस' दाबून बसलाय आणि तुम्ही निवांत.

'आपला मेल मिळाला' असा ऑटो-रिप्लाय आला म्हणून खूश होऊ नका, तो मशीनने दिलाय, फाइल अजून कोणी उघडलेली नाही.

खरी गंमत फाइल उघडल्यावर असते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस आठवडाभर आकड्यांत आल्याच नाहीत, कारण लॅबचा डेटा जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये घेतला होता आणि त्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत. लॅबने पाठवलं होतं, पोचलंही होतं! आपल्याकडे एवढ्या ओळी नसतात, पण ५/१ लिहिलं की ५ जानेवारीची १ मे होते, ३ई५ असा पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडताच तीन लाख होतो, आणि मे महिन्यातली जानेवारी गणना बघून आम्ही डोकं धरतो.

म्हणून "मिळालं का?" असं विचारूच नका, त्यावर नुसता अंगठा येतो. असं लिहा: "शीटमध्ये ४१२ ओळी आहेत, शेवटची ओळ नेरूळचा डीपीएस तलाव, लहान रोहित (फ्लेमिंगो), ६४०, तुमच्याकडे हेच दिसतंय का?" याचं उत्तर द्यायला फाइल उघडावीच लागते. तारीख 'जाने' अशी अक्षरात टाका, भांडणच नको.

उत्तर नाही आलं तर त्याच मेलवर रिप्लाय करा, 'फायनल_नवीन_२' नावाने वेगळा मेल नको, दोन्ही शीट धरल्या गेल्या की नेरूळचे रोहित एका रात्रीत डबल. तरीही शांतताच असेल तर सरळ फोन लावा, आणि समोरून ओळी जुळल्याचं कळेपर्यंत मूळ फाइल आणि फील्डची वही दोन्ही जपून ठेवा.