गर्भपाताच्या गोळ्या घेऊन घरी गेल्यावर या चुका टाळा (रात्रीचे फोन उचलणाऱ्या सिस्टरकडून)

सोलापुरात मॅटर्निटी होममध्ये नर्स म्हणून माझी वीस वर्षं होऊन गेली आणि रात्रीचे फोन उचलायचं काम बहुतेक माझ्याच गळ्यात असतं. त्यामुळे गोळ्या घेतल्यावर बाईच्या घरी पहिल्या रात्री काय काय चालतं ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, कारण डॉक्टरांना सगळं पार पडल्यावर पंधराव्या दिवशी सांगतात आणि मला रात्री साडेदहाला. फोनही तेच ते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

आधी भीतीचं बोलू, कारण निम्मे घोळ त्यातूनच होतात. सोनोग्राफी सेंटरबाहेर 'गर्भलिंग निदान करणे गुन्हा आहे' असा बोर्ड असतो, तो वाचून लोकांना वाटतं गर्भपात करणंच गुन्हा. तसं नाहीये. तो कायदा १९९४ चा, वेगळा. गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये सुधारला आणि त्यात 'नवरा'च्या जागी 'जोडीदार' आला, म्हणजे लग्न झालेलं नसलं तरी चालतं. अठरा पूर्ण असतील तर सही फक्त तुमची लागते, नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच नाही. आणि नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. तेव्हा लपतछपत कुणाच्या तरी ओळखीनं किट मागवायची काही गरज नसते, पण लोक मागवतातच.

मग पहिली चूक तिथेच होते, दिवस मोजायची. पाळी चुकून किती दिवस झाले ते सांगतात, किंवा नवरा 'त्या दिवशी'पासून मोजतो (नवऱ्याला बरोबर लक्षात असतं, काय सांगावं). मोजायचं असतं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे त्रेसष्ट दिवस. 'दीडच महिना झालाय हो' म्हणणारी बाई खरं तर दहाव्या आठवड्यात निघते. शिवाय गर्भ पिशवीच्या बाहेर, नळीत असेल तर या गोळ्या काहीच करत नाहीत आणि नळी फुटली की जिवावर बेततं, ते घरी बसून कुणाला कळणार? म्हणून आधी तपासणी. रक्तगट निगेटिव्ह असेल, अंगात रक्त कमी असेल, कॉपर-टी आत असेल, दमा असेल, सगळं तेव्हाच सांगून टाका.

आता माझा सगळ्यात नावडता प्रकार, घाई. किटमध्ये पाच गोळ्या असतात. एक वेगळी, ती आधी पाण्याबरोबर गिळायची. उरलेल्या चार एक ते दोन दिवसांनी, डॉक्टरांनी सांगितलं असेल तशा जिभेखाली किंवा गालात अर्धा तास धरून ठेवायच्या नाहीतर खालून आत ठेवायच्या. पहिली गोळी गर्भाची पकड सैल करते, बाकीच्या चार पिशवीला कळा आणतात. मधल्या वेळेत पहिल्या गोळीचं काम चालू असतं, तो वेळ काही उगाच दिलेला नाही.

एक जोडपं आलं होतं. नवरा पॉवरलूमवर, त्याला सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं होतं आणि दोन दिवस थांबायला त्याच्याकडे वेळ नव्हता, म्हणून ह्या गृहस्थानं रविवारी दुपारी बायकोला पाचही गोळ्या एका ग्लास पाण्याबरोबर घ्यायला लावल्या. 'डोकेदुखीच्या दोन घेतल्या की लवकर उतरते की' असं मला नंतर तोंडावर सांगितलं त्यानं. तिला कळा आल्या, थोडं रक्त गेलं, संध्याकाळी थांबलं. दोघं म्हणाले झालं, सुटलो. मग महिनाभर रोज थोडं थोडं अंगावरून जातंय, ती फडकं लावून शेंगा फोडायच्या कामावर जातेय, शेवटी पायऱ्या चढताना दम लागायला लागला तेव्हा आली. सोनोग्राफीत तुकडा राहिलेला दिसला, पिशवी साफ करावी लागली. एक दिवस वाचवायला गेले आणि महिना घालवला, वर लूमचे किती खाडे झाले ते त्याचं त्यालाच माहीत. मी त्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवून बोलायचं ते सगळं बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

याच्या उलटी चूक पण असते. पहिल्या गोळीनंतर काही जणींना थोडा डाग दिसतो, की लगेच 'मला पाळी आली, आता बाकीच्या नको'. घ्यायच्याच असतात. तो डाग म्हणजे काम झालं असं नाही.

चार गोळ्यांचा दिवस कुठला निवडायचा, हे कुणी विचारत नाही पण मी सांगतेच. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. तर पाण्याच्या दिवशी घेऊ नका, त्या दिवशी तुम्हीच बॅरल भरत, हंडे उचलत बसणार. दुसऱ्या दिवशी घ्या, पाणी भरलेलं असतं आणि संडासात सारखं जावं लागतं तेव्हा बादलीची चिंता नसते. घरात एक मोठं माणूस हवं. शेतातल्या वस्तीवर, जिथनं रात्री गाडी मिळत नाही, तिथं तर अजिबात नको. दवाखान्याचा नंबर भिंतीवर लिहा, फोनमध्ये नको, फोन नेमका पोरांकडे असतो.

त्या दिवशी काय होतं? एक ते चार तासांत कळा सुरू होतात, पाळीपेक्षा जास्त. मग रक्त, गाठी, लिंबाएवढी गाठसुद्धा पडू शकते. थंडी वाजते, अंग तापतं, मळमळ, जुलाब, हे त्या गोळ्यांमुळे आणि काही तासांत जातं. आठव्या-नवव्या आठवड्यात पांढरट-करडं काहीतरी पडलेलं दिसू शकतं, आधीच्या दिवसांत बहुतेक काही ओळखू येत नाही, तेव्हा काडीनं शोधत बसू नका. मग जोर ओसरतो. पुढे दहा-पंधरा दिवस पाळीसारखं, मग डाग. काही जणींना पुढच्या पाळीपर्यंत डाग दिसत राहतात.

आता ती गोष्ट सांगते जिच्यात चूक माझी होती. विडी वळणारी बाई, तीन लेकरं, संध्याकाळी सातला फोन केला, "सिस्टर, जास्त जातंय." मी तेव्हा दुसऱ्या पेशंटला सलाईन लावत होते. म्हटलं, होतं तसं बाई, गोळ्या आहेत ना, पडून राहा. किती कपडे बदलले विचारलं, ती म्हणाली दोन. दोनच ना, मग काही नाही. रात्री अकराला सासू आणि दीर तिला रिक्षात घालून घेऊन आले. ओठ कागदासारखे पांढरे, रिक्षाची सीट भिजलेली. ते 'दोन कपडे' म्हणजे जुन्या साडीच्या घड्या होत्या, एकेक उशीएवढी. रात्रीच पिशवी साफ केली, दोन बाटल्या रक्त चढवलं. वाचली ती. विडीचं सूप मांडीवर घेऊन बसलेली अजून दिसते कधीकधी, हात करते. मला मात्र तो सातचा फोन आठवतो.

तेव्हापासून 'जास्त' आणि 'थोडं' हे शब्द मी फोनवर ऐकूनच घेत नाही. मला आकडा पाहिजे. त्या दोन-तीन दिवसांसाठी कपडा नको, पाळीचा कप नको, विकतचे मोठे पॅडच आणा, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. प्रत्येक पॅड बदलला की कॅलेंडरच्या मागच्या बाजूला वेळ लिहायची. तासाला दोन मोठे पॅड गच्च भिजतायत आणि असं सलग दोन तास झालं, तर तिसऱ्या तासाची वाट बघायची नाही, निघायचं. चक्कर येऊन पडलात तरी निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन. सिव्हिलला रात्रीही डॉक्टर असतात, तिथं कुणी काही विचारलं तर गोळ्या घेतल्याचं खरं सांगा. लपवून काय मिळतं, औषधोपचार तोच असतो, फक्त डॉक्टरांचा वेळ जातो.

आणि चार गोळ्यांनंतर चोवीस तासांत रक्तच गेलं नाही, किंवा नुसता डाग? त्यावर कुणी फोनच करत नाही, उलट खूश होतात की त्रास झाला नाही. अहो, तो सगळ्यात आधी करायचा फोन आहे. गर्भ तसाच असेल, नाहीतर नळीत असेल. एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, घेरी, असं काही असेल तर फोनसुद्धा करू नका, सरळ या.

ताप पहिल्या दिवशी आला तर ठीक. दुसऱ्या दिवशीही १००.४ किंवा वर असेल, घाण वास येत असेल, पोट दाबून दुखत असेल, तर दाखवा. हात लावून ताप कळतो म्हणू नका, वैशाखात सोलापुरात सगळ्यांचंच अंग तापलेलं असतं. थर्मामीटर घ्या.

दुखण्याची गोळी लिहून दिलेली असते ती खायची असते. 'सहन करते' म्हणणाऱ्या बायकांना मी बक्षीस देत नाही. काहीतरी खाऊन घ्या, गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेवा. ॲस्पिरिन नको.

पपई, तीळ, काढे: यानं काही पडत नाही. जुलाब तेवढे वाढतात.

पाचव्या दिवशी घरी प्रेग्नन्सीची पट्टी लावायची आणि दोन रेघा बघून रडायचं, हे पण बंद करा. हार्मोन उतरायला वेळ लागतो, चार आठवड्यांपर्यंत पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. एका पोरीनं घाबरून मनानंच दुसरं किट घेतलं होतं. झालं की नाही ते पंधराव्या दिवशीच्या तपासणीत कळतं, आणि ती तपासणी 'बरं वाटतंय' म्हणून बुडवायची नाही. शंभरात दोन-चार जणींचं काहीतरी राहिलेलं असतं.

अजून एक, 'पाळी आल्यावर बघू'. पाळी चार ते सहा आठवड्यांनी येते, पण बीज त्याच्या आधी सुटतं, अगदी आठ-दहा दिवसांतसुद्धा. म्हणजे पाळीची वाट बघता बघता परत दिवस जातात, अशा बायका मी त्याच वर्षात दुसऱ्यांदा बघितल्यात. पाळणा लांबवायची गोळी बहुतेकींना त्याच दिवसांत सुरू करता येते. सरकारी दवाखान्यात माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन फुकट मिळतं. तांबी (म्हणजे कॉपर-टी) बसवायची तर पंधराव्या दिवशीची तपासणी झाल्यावर. नवऱ्याला निरोध वापरायला सांगा, त्याला पण थोडं काम असू दे.

खाण्याचं पथ्य काही नाही. भाकरी, मेथी, शेंगाचटणी, सगळं खा.

आणि तिसऱ्या दिवशी हमखास येणारा फोन, "सिस्टर, डोक्यावरनं अंघोळ केली तर चालते का?" चालते की. नळाला पाणी आलं असेल तर.