स्पार्क प्लग बरोबर बसवा, मग आयडलची थरथर शोधा

गाडी आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवून उभी असताना स्टिअरिंग थरथरतंय, आरपीएमचा काटा खालीवर होतोय, मध्येच इंजिन धक्का खाल्ल्यासारखं हलतंय आणि रेस दिली की सगळं सुरळीत. असं झालं की बहुतेक जण सरळ नवे प्लग आणून लावतात. पहिला संशय प्लगवर घ्यायलाच हवा, पण चुकीच्या नंबरचा प्लग लावला किंवा बरोबर प्लग चुकीचा आवळला तर आधी नव्हता तो प्रॉब्लेम सुरू होतो, आणि मग जुना दोष कुठला नि नवा कुठला हेच कळेनासं होतं.

प्लग निवडताना गाडीच्या मॅन्युअलमधला नंबर बघा, आत्ता इंजिनात बसलेल्या प्लगवरचा नको, कारण तो आधी कोणी काय हातात आलं ते लावलेलं असू शकतं. नंबर वाचायला अवघड नाही. एनजीकेचा बीपीआर६ईएस घ्या, यात बी म्हणजे १४ मिमीचे आटे, पी म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, ६ ही हीट रेंज, म्हणजे प्लग चालताना किती गरम राहतो त्याचा आकडा, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. यातलं एक अक्षर बदललं तरी प्लग वेगळा. लांबी जास्त झाली तर प्लगचं टोक पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला ठोकू शकतं, कमी झाली तर हेडमधल्या उघड्या आट्यांवर कार्बन साचतो आणि नंतर बरोबर प्लग आत जायला तयार होत नाही. आर नसलेला प्लग इंजेक्शनच्या गाडीत लावला तर स्पार्कमुळे होणारा विद्युत अडथळा सेन्सर आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, त्रास देतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हीट रेंजचा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तितका गरम. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ हे साधारण एकाच पातळीचे, त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, क्रॉस रेफरन्सचा तक्ता बघा. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तरच त्यावरचा कार्बन आपोआप जळतो, आणि ८५० च्या पुढे गेलं की स्पार्क पडायच्या आधीच हवा-पेट्रोलचं मिश्रण पेटायला लागतं. फार थंड प्लग शहरातल्या हळू ड्रायव्हिंगला काळा पडून आयडलला मिसिंग करणार, म्हणजे मध्येच सिलेंडरमधलं मिश्रण न पेटता राहणार, फार गरम प्लग लोडवर पिस्टन खराब करणार.

आता काढायचं काम. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गरम अ‍ॅल्युमिनियम हेडमधून प्लग ओढला तर त्याच्याबरोबर आटेही येऊ शकतात. प्लगला करंट देणारी कॉइल किंवा वायर काढली की आधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ, बारीक खडे हवेने उडवा, नाहीतर प्लग निघाला की ते सगळं थेट सिलेंडरमध्ये. वायरवाली गाडी असेल तर एका वेळी एकच वायर काढा, म्हणजे फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) चुकायचा प्रश्नच येत नाही. आणि निघालेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा, एकत्र डब्यात टाकू नका.

कारण आयडल का बिघडलंय याचं निम्मं उत्तर त्या ओळीतच असतं. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर जळण छान चाललंय. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा स्पार्क कमजोर, एअर फिल्टर तुंबलाय का तेही बघा. ओला, चकचकीत, तेलकट काळा असेल तर ऑइल आत येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक आणि टोकावर बारीक फोड आले असतील तर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा प्लग गरम पडतोय. चारातले तीन छान आणि एकच काळा असेल तर भानगड त्या एका सिलेंडरची, चारही सारखेच काळे असतील तर कारण सामाईक. पांढऱ्या पोर्सिलेनवर वरून खाली पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर करंट टोकाऐवजी तिथून पळतोय, अशा वेळी कॉइलचा रबर बूटसुद्धा बदला, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ परत उमटेल. खड्ड्यातच ऑइल साचलं असेल तर टॅपेट कव्हरचं सील गेलंय.

नवा प्लग खोक्यातून काढला की गॅप, म्हणजे टोकाच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर, तपासा, तयार गॅपचा म्हणून विकलेला असला तरी. कारमध्ये साधारण ०.७ ते १.१ मिमी असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. कमीजास्त करायचा तर फक्त बाहेरचा वाकडा इलेक्ट्रोड हलवायचा, मधल्याला हात लावायचा नाही. इरिडियमचं मधलं टोक इतकं बारीक असतं की नाण्यासारखा गोल गेज त्यात दाबून घातला तर ते तुटतं. जमिनीवर पडलेला प्लग मी तरी लावत नाही, आतलं पोर्सिलेन तडकलेलं बाहेरून दिसत नाही.

बसवताना रॅचेट लावायचं नाही, सॉकेट आणि एक्स्टेन्शन नुसतं बोटांनी फिरवायचं. अडकला तर जोर न लावता मागे फिरवून परत सुरुवात करा, आटे तिरके चढले तर हेडचं काम निघतं. वायसर टेकेपर्यंत हातानेच गेला पाहिजे. मग टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना), अ‍ॅल्युमिनियम हेडमध्ये वायसरवाला १४ मिमीचा प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीचा १५ ते २०, १० मिमीचा १० ते १२. रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, तोच प्लग परत लावत असाल तर फक्त एक बारांश फेरा, कारण वायसर आधीच दबलेला असतो. वायसर नसलेला निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर एक सोळांश फेराच पुरे. आट्यांना ग्रीस, ऑइल काही लावू नका, गुळगुळीत झाल्यामुळे त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

एवढं करूनही थरथर राहिली तर पार्ट विकत घेण्याआधी अदलाबदल करा. स्कॅनरवर पी०३०२ कोड आला म्हणजे दुसरा सिलेंडर मिस होतोय. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, दुसऱ्यावरच राहिला तर तसंच प्लगचं करून बघा, मग इंजेक्टरचं. एक पैसा न घालवता उत्तर मिळतं.

पी०३००, म्हणजे कुठलाही एक सिलेंडर नाही, किंवा कोडच नाही, अशा वेळी हवा कुठून आत येतेय ते शोधा. आयडलला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढ जबरदस्त असते, त्यामुळे तडकलेल्या होजमधून शिरलेली थोडीशी हवासुद्धा मिश्रण बिघडवते, रेस दिली की तिचा वाटा नगण्य होतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) आयडलला अधिक १० टक्क्यांच्या पुढे आणि २५०० आरपीएमला शून्याच्या आसपास दिसला तर नक्की हीच गोष्ट. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडांवरून फिरवा, सुसकारा ऐकू येतो. फिरत्या पट्ट्यापासून हात आणि नळी लांब ठेवा. कार्ब क्लीनर फवारून शोधण्याची पद्धत आहे पण गरम सायलेन्सरवर तो पेट घेतो, मी ती सुचवणार नाही.

थ्रॉटल बॉडीच्या कडेला काळा थर असेल तर साफ करा, आणि नंतर काही गाड्यांत ईसीयूला आयडल परत शिकवावं लागतं, नाहीतर आरपीएम काही वेळ चढेच राहतात. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पायलट जेट (आयडलला पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा. हे सगळं ठीक निघालं तर कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजा. आणि कॉम्प्रेशनही सारखं आलं, एक्झॉस्टचा आवाज एकसारखा आहे, थरथर फक्त केबिनमध्ये जाणवतेय आणि गिअर किंवा एसी टाकल्यावर वाढतेय, तर इंजिन बरोबर आहे, माउंटिंगचे, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबर बदला.

चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र वरचं काहीही करत बसण्याआधी गाडी चालवणं थांबवा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं आणि तो आतून वितळतो.