आधी ठरवा: कळ बदलायची आहे की मजकूर?

मी अनुवादाचं काम करते. दिवसाचे सात-आठ तास टायपिंग, बहुतेक मराठी इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरीसाठीची प्रमाणित कळमांडणी), मधूनमधून इंग्रजीत. सतत कंट्रोल दाबून डावी करंगळी दुखायला लागली तेव्हा मी कीबोर्ड बदलणारी मुक्तस्रोत साधनं शोधायला घेतली. बरेच दिवस मी चुकीचाच प्रश्न विचारत होते: यातलं सगळ्यांत चांगलं कोणतं? हाताशी सहा-सात साधनं वापरून झाल्यावर लक्षात आलं की ही एका जातीची साधनंच नाहीत. ती वेगवेगळ्या ठिकाणी उभी राहून काम करतात, आणि ते ठिकाण कळलं की निवड सोपी होते.

कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं, हे लेआउट ठरवतो. इंग्रजी लेआउटमध्ये जी कळ 'के', तीच इनस्क्रिप्टमध्ये 'क'. काही साधनं लेआउटच्या आधी उभी असतात. त्यांना फक्त कळ दिसते, भाषा दिसत नाही. कीडी, कनाटा, केमोनाड आणि कॅराबिनर-एलिमेंट्स ही त्यातली. दुसरी साधनं लेआउटच्या नंतर काय उमटलं ते वाचतात आणि संक्षेपाच्या जागी पूर्ण मजकूर टाकतात. एस्पान्सो हे तसं. ऑटोहॉटकी दोन्ही करतं.

माझ्या करंगळीचा प्रश्न कळीचा होता, म्हणून सुरुवात तिथून. लिनक्सवर मी कीडी वापरते. इन्स्टॉल करून त्याची सेवा सुरू करा, मग ईटीसी फोल्डरातल्या कीडी फोल्डरात 'डीफॉल्ट डॉट कॉन्फ' नावाची फाइल बनवा. वरच्या 'आयडीज' विभागात एक तारांकन, म्हणजे सगळ्या कीबोर्डना लागू. खालच्या 'मेन' विभागात एकच ओळ: कॅप्सलॉक, मग बरोबरचं चिन्ह, मग ओव्हरलोड आणि कंसात कंट्रोल, स्वल्पविराम, ईएससी. मग 'कीडी रीलोड' ही आज्ञा ॲडमिनच्या अधिकाराने द्या. आता कॅप्स लॉक नुसती दाबून सोडली तर एस्केप, आणि धरून ठेवून दुसरी कळ दाबली तर कंट्रोल. माझ्या करंगळीला सगळ्यांत जास्त आराम या एका ओळीने दिला. कीडी पडद्याच्या व्यवस्थेच्या खाली काम करतं, त्यामुळे एक्स-११ असो, वेलँड असो (लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन व्यवस्था) की खिडक्यांशिवायची नुसती काळी कन्सोल, सगळीकडे सारखंच चालतं.

फाइल बदलण्याआधी एक गोष्ट पाठ करा. बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबले की कीडी बंद पडतं. मी एकदा फाइलमध्ये एंटरच दुसऱ्या कळीवर नेऊन ठेवलं आणि पासवर्डही देता येईना. हे तीन कळांचं जुळवण माहीत होतं म्हणून वाचले. कनाटामध्येही अशी सोय आहे: डावा कंट्रोल, स्पेस आणि एस्केप. तिथे मूळ कळा धरल्या जातात, तुम्ही बदललेल्या नाहीत.

कनाटाची खरी ताकद अशी की एकच फाइल लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे चालते. लिहिण्याची पद्धत लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेसारखी, कंसांनी भरलेली. पहिले दोन दिवस जड जाते, मग आवडायला लागते. मॅकवर मात्र त्याला कॅराबिनरचा आभासी कीबोर्ड ड्रायव्हर लागतो. फक्त मॅक वापरत असाल तर थेट कॅराबिनर-एलिमेंट्सच घ्या. साधे बदल माउसने निवडून होतात, गुंतागुंतीचे जेसन नावाच्या ठरावीक रचनेच्या मजकूर फाइलमध्ये लिहावे लागतात. केमोनाड मी थोडंच वापरलं. विचार तोच, पण नव्याने सुरू करणाऱ्याला मी कनाटाच सांगेन.

यापुढची पायरी म्हणजे मधल्या ओळीतल्या अक्षरांनाच धरून ठेवल्यावर कंट्रोल, शिफ्ट, ऑल्ट बनवणं. त्याची फार स्तुती ऐकून मीही करून पाहिलं. मराठीत टाइप करणाऱ्यांनी इथे जपून राहावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण नेमकं सांगता येतं. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त 'डी' कळीवर आहे. 'रक्त' लिहायला जे, के, डी, एल दाबावे लागतात. वेगात लिहिताना डी वरचं बोट उचलण्याआधीच एल दाबली जाते. नेहमीच्या मांडणीत डी वर कंट्रोल ठेवतात, म्हणजे साधनाला ते कंट्रोल-एल वाटतं, आणि ब्राउझरमध्ये लिहीत असाल तर कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत. इंग्रजीत डी अधूनमधून येते. मराठीत जवळजवळ प्रत्येक जोडाक्षराला येते. दाबणं आणि धरणं यातली वेळेची मर्यादा वाढवता येते (क्यूएमके या कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, त्याच्याबद्दल पुढे येईलच, मुळात ती २०० मिलिसेकंद आहे), पण वाढवली की खरोखर कंट्रोल हवा असतो तेव्हा थांबावं लागतं. मी शेवटी डी मोकळी सोडली. कॅप्स लॉकला हा त्रास नाही, कारण शब्द लिहिताना ती कधी मध्ये येतच नाही.

आता मजकूर. तोच पत्ता, तीच सुरुवातीची वाक्यं, तीच तारीख दिवसातून दहादा लिहीत असाल तर एस्पान्सो घ्या. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि तिन्ही प्रणालींवर चालतं. सेटिंग यॅमल नावाच्या साध्या मजकूर फाइलमध्ये: मॅच फोल्डरातली 'बेस' फाइल उघडा, 'ट्रिगर'समोर संक्षेप आणि 'रिप्लेस'समोर पूर्ण मजकूर लिहा, जतन करा. यॅमलमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा महत्त्वाची असते, तिथे टॅब चालत नाही. संक्षेप विसरलात तर ऑल्ट-स्पेस दाबून शोधता येतो.

त्याच्या उदाहरणांत संक्षेपाआधी कोलन असतो. इनस्क्रिप्ट चालू असताना तो येणारच नाही, त्या कळीवर च आणि छ आहेत. यावर मी फार वेळ घालवला, म्हणून उत्तर सरळ देते: कोलनऐवजी दोन स्वल्पविराम घ्या. स्वल्पविराम दोन्ही लेआउटमध्ये एकाच कळीवर आहे आणि लागोपाठ दोन स्वल्पविराम कोणी लिहीत नाही. पुढे माझ्या पत्त्याचा संक्षेप 'पत' आहे. प आणि त इनस्क्रिप्टमध्ये एच आणि एल वर आहेत. 'ट्रिगर'ऐवजी 'ट्रिगर्स' लिहून एकाच मजकुराला दोन संक्षेप देता येतात, म्हणून मी देवनागरी 'पत' आणि रोमन एच-एल दोन्ही दिले. आता कोणताही लेआउट चालू असो, बोटं त्याच कळांवर जातात आणि पत्ता येतो. संक्षेपात जोडाक्षरं मी टाळते, साधी व्यंजनंच घेते. लिनक्सवर एस्पान्सोची एक्स-११ आणि वेलँडसाठीची पॅकेजेस वेगळी आहेत, आपलं कोणतं ते आधी बघा. वेलँडवर लेआउट कोणता हेही त्याच्या सेटिंगमध्ये सांगावं लागतं.

फक्त विंडोज वापरत असाल तर ऑटोहॉटकीला तोड नाही. २००३पासूनचं साधन, आणि ही खरं तर पूर्ण भाषा आहे: खिडकी शोधा, तिच्यात बटण दाबा, एका विशिष्ट प्रोग्रॅममध्येच चालणारी शॉर्टकट बनवा, सगळं होतं. मजकुरासाठी दोन कोलन, संक्षेप, परत दोन कोलन आणि पूर्ण मजकूर, इतकीच ओळ. स्पेस दिल्यावर तो उलगडतो. पहिल्या दोन कोलनांच्या मध्ये तारांकन टाकलं तर स्पेसचीही वाट बघत नाही. डिसेंबर २०२२मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि लिहिण्याची पद्धत बदलली, त्यामुळे कुठूनही उचललेली स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीची आहे ते आधी तपासा. नव्याने शिकणाऱ्याने दुसरीच घ्यावी. देवनागरीसाठी तर नक्कीच: पहिल्या आवृत्तीत फाइल 'यूटीएफ-८ बॉमसह' (यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्या साठवण्याची पद्धत, बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची तिची खूण) जतन केली नाही की मराठीच्या जागी भलतीच चिन्हं येत, आणि माझी एक अख्खी यादी तशी वाया गेली होती. दुसरी आवृत्ती यूटीएफ-८च गृहीत धरते. ॲडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत मात्र साध्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट पोहोचत नाही.

लिनक्सवर ऑटोहॉटकीच्या जवळ जाणारं साधन ऑटोकी. स्क्रिप्ट पायथनमध्ये. एक्स-११वर ते छान चालतं, कारण तिथे कोणताही प्रोग्रॅम सगळ्या खिडक्यांच्या कळा ऐकू शकतो. वेलँडने सुरक्षेसाठी हेच बंद केलं, म्हणून वेलँडवर असाल तर त्याच्या भरवशावर राहू नका.

कार्यालयाच्या संगणकावर काही इन्स्टॉल करता येत नसेल तर बदल कीबोर्डच्या आतच करता येतो. क्यूएमके हे कीबोर्डच्या चिपवर चालणारं फर्मवेअर आहे, आणि बिनतारी कीबोर्डसाठी झेडएमके. एकदा भरलं की तो कीबोर्ड कुठेही लावा, मांडणी सोबत येते. अट एकच, कीबोर्ड त्याला चालणारा हवा. लांबलचक मजकूर मात्र तिथे भरू नका. चिप कळाच पाठवते, समोर लेआउट वेगळा असेल तर भलतंच उमटेल.

ही सगळी साधनं तुमची प्रत्येक कळ बघतात, पासवर्डसुद्धा. म्हणून डाउनलोड प्रकल्पाच्या मूळ ठिकाणाहूनच करा, आणि कामाच्या संगणकावर टाकण्याआधी तिथल्या तंत्रज्ञाला विचारा. एस्पान्सोच्या किंवा ऑटोहॉटकीच्या फाइलमध्ये पासवर्ड, खातेक्रमांक लिहून ठेवू नका, त्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत आणि कोणीही उघडून वाचू शकतं. मॅकवर पासवर्डच्या चौकटीत एस्पान्सो गप्प बसलं तर ते बिघडलेलं नाही, प्रणालीनेच त्याचे कान बंद केलेले असतात.