एक्सएसएलटीत सॉर्ट लावताना माझी मासळीची यादी का गंडली

म्हापसा, पणजी आणि मडगाव मार्केटातले मासळीचे भाव मी एका एक्सएमएल फाइलीत टाकतो, टॅगपण देवनागरीतच, मासळी, मार्केट, भाव असे, एक्सएमएलला ते चालतात. त्यातून एक्सएसएलटीच्या (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) स्टाइलशीटने एचटीएमएल टेबल काढायचं, स्वस्त मासळी वर.

आधी निवड. फॉर-ईच म्हणजे निवडलेल्या प्रत्येक नोंदीवर फिरणारा टॅग, त्याच्या सिलेक्ट अॅट्रिब्यूटमध्ये मासळी[मार्केट='म्हापसा'] लिहिलं की फक्त म्हापशाची मासळी येते. मग फॉर-ईच उघडल्या उघडल्या पहिलाच सॉर्ट टॅग टाकायचा, त्याच्या सिलेक्टमध्ये भाव. सॉर्टच्या आधी दुसरं काही ठेवलं तर एरर. फॉर-ईचऐवजी अप्लाय-टेम्प्लेट्स (नोंदी वेगळ्या टेम्प्लेटकडे पाठवणारा टॅग) वापरत असाल तर सॉर्ट त्याच्या पोटात जातो.

एवढं करून बघितलं तर १२०० ची इसवण २०० च्या बांगड्याच्या वर! कारण सॉर्टला डेटा-टाइप दिला नाही तर तो भावाला अक्षरं समजतो आणि १ हा २ च्या आधी येतो, मग काय, डेटा-टाइप नंबर करा. आणि हो, इथे मी आकडे देवनागरीत लिहितोय पण फाइलीत इंग्रजीच ठेवा हां, टॅग देवनागरी चालतो पण देवनागरी अंकाला एक्सपाथ (सिलेक्टमध्ये वापरतो ती निवडीची भाषा) नंबर मानतच नाही.

आता खरी गोची. मला सगळ्यात स्वस्त तीनच पाहिजे होत्या म्हणून मी सिलेक्टच्या चौकटी कंसातच पोझिशन (नोंदीचा क्रमांक) चारपेक्षा कमी अशी अट घातली, आणि आल्या त्या फाइलीतल्या पहिल्या तीन, आपसात नीट लावलेल्या! अर्धा दिवस डोकं खाल्लं. कंसातली अट आधी लागते, सॉर्ट नंतर. म्हणून कंसातून ती काढायची आणि सॉर्टच्या खाली इफ टाकून त्यात पोझिशन तपासायची, तिथे नवीन क्रमातला नंबर मिळतो. 'पेक्षा कमी'चं चिन्ह अॅट्रिब्यूटमध्ये सरळ टाकलं तर पार्सर बोंब मारतो, अट उलटी करून 'पेक्षा मोठं' वापरा, ४ > पोझिशन(), ते चालतं.

दोन मासळ्यांचा भाव सारखा असेल तर खाली दुसरा सॉर्ट टाका, नावाचा. महाग वर पाहिजे तर ऑर्डर डिसेंडिंग.

आणि प्रिसीडिंग-सिब्लिंगने (आधीचे शेजारी टॅग शोधणारा एक्सपाथ) 'मागच्या ओळीत हेच मार्केट होतं का' बघायला जाऊ नका, सॉर्ट केलं तरी मूळ फाइल हलत नाही, त्यामुळे तो जुन्याच क्रमातला शेजारी दाखवतो. मार्केटप्रमाणे गट पाडायचे असतील तर २.० पासून फॉर-ईच-ग्रुप आहे, फक्त एक्सएसएलटीप्रोक या स्टाइलशीट चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ते मिळणार नाही, तो १.० वरच आहे.